कृष्णविवरात पडणं वाटतं तितकं सोपं नाही

सूर्यावर यान नेऊन आदळायचं म्हटलं, तर ते महाकठीण काम आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. पृथ्वीवरून सुटणाऱ्या यानाला हा आडवा वेग आपसूक मिळतो. तो मोडून काढल्याशिवाय यान सूर्याकडे सरळ जातच नाही, वळसा घालून पुन्हा दूर निघून जातं. ऑगस्ट २०१८ मध्ये निघालेल्या पार्कर सौर यानाला हा वेग थोडाथोडा घटवण्यासाठी शुक्राजवळून सात वेळा जावं लागलं. तेव्हा कुठे डिसेंबर २०२४ मध्ये ते सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवर पोहोचलं. सूर्य १४ लाख किलोमीटर रुंद आहे. एवढं मोठं लक्ष्य, आणि तरी ही कसरत.

आता सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आहे असं समजा. लक्ष्याची रुंदी उरते जेमतेम ६ किलोमीटर. पृथ्वीवरची ओढ मात्र होती तेवढीच राहते, कारण गुरुत्वाकर्षण वस्तुमान आणि अंतर या दोनच गोष्टी पाहतं. ते वस्तुमान किती जागेत कोंबलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. वर्ष ३६५ दिवसांचंच राहील, पृथ्वी त्याच कक्षेत फिरत राहील. समुद्र गोठतील हे खरं, पण ते ऊन गेल्यामुळे.

कृष्णविवर म्हणजे आजूबाजूचं सगळं शोषून घेणारा पंप, ही समजूत इथेच गळून पडते. त्याच्यात पडायचं असेल तर नेम धरूनच जावं लागतं.

मग ते वेगळं कशात आहे?

पृथ्वीवरून फेकलेली वस्तू कायमची सुटायची तर तिला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. हा झाला मुक्तिवेग. सूर्याच्या पृष्ठभागावर तो ६१८ किलोमीटर भरतो. वस्तुमान तेवढंच ठेवून गोळा दाबत नेला, तर पृष्ठभाग केंद्राच्या जवळ येतो आणि मुक्तिवेग चढत जातो. एका ठरावीक त्रिज्येला तो प्रकाशाच्या वेगाइतका, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर होतो. ती त्रिज्या सूर्यासाठी सुमारे ३ किलोमीटर आहे. पृथ्वीसाठी ती ९ मिलिमीटर भरते. अख्खी पृथ्वी एका गोटीत. दर सूर्याइतक्या वस्तुमानामागे ३ किलोमीटर एवढं लक्षात ठेवलं, की कुठल्याही कृष्णविवराचा आकार तोंडी काढता येतो.

असा काळा तारा असू शकेल हे इंग्रज अभ्यासक जॉन मिचेल यांनी १७८३ मध्येच मांडलं होतं. पण पक्कं गणित आलं ते आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतानंतर. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड यांनी पहिल्या महायुद्धात आघाडीवर असताना ते सोडवलं आणि १९१६ मध्ये ते छापून आलं. त्यातून एक सूक्ष्म फरक पुढे आला. मिचेल यांच्या ताऱ्यावरून निघालेला प्रकाश थोडा वर जाऊन चेंडूसारखा खाली आला असता. खऱ्या कृष्णविवरात तसं होत नाही. त्या मर्यादेच्या आत बाहेरची दिशाच उरत नाही, सगळ्या वाटा आतच जातात. या मर्यादेला घटना क्षितिज म्हणतात. तिथे भिंत नाही, कवच नाही, पाटी नाही. पुरेसं मोठं कृष्णविवर असेल तर ती ओलांडताना काही जाणवणारही नाही.

कृष्णविवर प्रचंड घन असतं, हे सरसकट खरं नाही. वस्तुमान दहापट झालं की त्रिज्याही दहापट होते, पण घनफळ हजारपट होतं. म्हणून कृष्णविवर जितकं मोठं तितकी त्याची सरासरी घनता कमी. एम८७ या दूरच्या दीर्घिकेच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या तारासमूहाच्या) मध्यभागी सूर्याच्या ६५० कोटी पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. ते वस्तुमान क्षितिजाच्या आतल्या घनफळावर पसरून हिशेब केला तर घनता आपल्या हवेपेक्षाही कमी येते! अर्थात आतलं वस्तुमान असं पसरलेलं राहत नाही, ते केंद्राकडे कोसळतं; पण ‘घन’ हा शब्द इथे किती फसवा आहे ते यावरून कळावं.

कृष्णविवरं जन्मतात ती मुख्यतः मोठ्या ताऱ्यांच्या शेवटातून. तारा आयुष्यभर आतल्या अणुभट्टीच्या दाबावर तोल सांभाळतो. इंधन संपलं की गाभा कोसळू लागतो. मृत गाभा सूर्याच्या सुमारे १.४ पटीहून जड असेल तर तो श्वेत बटू, म्हणजे पृथ्वीएवढा आकसलेला विझता तारा, म्हणून टिकू शकत नाही. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी ही मर्यादा १९३० च्या सुमारास काढली. त्याहून जड गाभा न्यूट्रॉन तारा, म्हणजे शहराएवढा दाबलेला गोळा, होतो आणि सूर्याच्या दोन-तीन पटींपलीकडे गेला की त्याला थोपवणारं काहीच उरत नाही. आपला सूर्य या वाटेला कधीच जाणार नाही. तो सुमारे ५०० कोटी वर्षांनी फुगेल आणि शेवटी श्वेत बटू होईल.

जवळ गेलं तर

क्षितिजाच्या तिप्पट त्रिज्येपर्यंत वर्तुळाकार कक्षा स्थिर असतात. सूर्याइतक्या कृष्णविवरासाठी हे अंतर ९ किलोमीटर. त्याच्या बाहेर तुम्ही निवांत फिरू शकता. आत शिरलात की कक्षा टिकत नाही. इंजिन बंद पडलं की गेलात. दीडपट त्रिज्येवर प्रकाशसुद्धा गोल फिरू शकतो, पण टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखा.

माणसाला मात्र कृष्णविवर गिळण्याआधी फाडतं. कारण पाय डोक्यापेक्षा जवळ असतात, म्हणून पायांना ओढ जास्त. समुद्राला भरती आणणारं बल तेच. सूर्याच्या १० पट कृष्णविवराचं क्षितिज ३० किलोमीटरवर. त्याच्याकडे पाय करून पडणाऱ्या पावणेसहा-सहा फूट उंच माणसाच्या डोक्यातल्या आणि पायातल्या ओढीचा फरक, अंतर ७,८०० किलोमीटर असतानाच, पृथ्वीवरच्या गुरुत्वाकर्षणाइतका होतो.  अंतर निम्मं झालं की हा ताण आठपट होतो, आणि क्षितिजापाशी पोहोचेपर्यंत पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पावणेदोन कोटी पट. हाडं, स्नायू, रेणू, काहीच तिथवर शाबूत जात नाही.

हाच हिशेब आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरच्या, सूर्याच्या ४३ लाख पट कृष्णविवरासाठी करा. तिथे क्षितिजावरचा ताण पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजारावा भाग येतो. खिशातला रुमालही फाटणार नाही. छोटं कृष्णविवर क्रूर, मोठं सौम्य, असा हा उलटा मामला आहे. बाहेर न येणं दोन्हीकडे सारखंच.

वायूचं म्हणाल तर तोही सरळ पडत नाही. त्याच्याकडे आडवी गती असते, म्हणून तो विवराभोवती चकतीसारखा फिरत राहतो. चकतीतले थर एकमेकांवर घासतात, लाखो-कोटी अंश तापतात, गती गमावतात आणि हळूहळू आत सरकतात. या घासण्यातून निघणारी ऊर्जा अफाट असते: हायड्रोजनच्या ज्वलनातून, म्हणजे सूर्य ज्यावर चालतो त्या प्रक्रियेतून, वस्तुमानाच्या ०.७ टक्का ऊर्जा मिळते. इथे किमान ६ टक्के, विवर वेगाने स्वतःभोवती फिरत असेल तर ४० टक्क्यांपर्यंत. १० एप्रिल २०१९ रोजी एम८७ मधल्या कृष्णविवराचं जे पहिलं चित्र प्रसिद्ध झालं, त्यातलं केशरी कडं हे या तापलेल्या वायूचं. मधला काळा भाग म्हणजे विवराचं क्षितिज नव्हे, त्याची सावली. प्रकाश वाकल्यामुळे ती क्षितिजाच्या अडीचपटीहून थोडी मोठी दिसते.

सर्वांत जवळचं कृष्णविवर कसं मोजलं

आजवर माहीत असलेलं सर्वांत जवळचं कृष्णविवर गाया बीएच१. भुजंगधारी तारकासमूहात, सुमारे १,५६० प्रकाशवर्षांवर. २०२२ मध्ये ते जाहीर झालं. त्याच्या जवळपास काहीच चमकत नाही, कारण ते सध्या उपाशी आहे. सापडलं ते त्याच्या जोडीदारामुळे. गाया या अंतराळ दुर्बिणीने ताऱ्यांच्या जागा इतक्या बारकाईने टिपल्या, की एक सूर्यासारखा तारा स्वतःशीच गोल डुलताना दिसला. मग जमिनीवरच्या दुर्बिणींनी त्याच्या वर्णपटातल्या रेषा मागेपुढे सरकताना पाहिल्या आणि त्याची फेरी १८५.६ दिवसांची आहे हे पक्कं झालं.

पुढचं गणित केप्लरचं आहे आणि ते कागदावर करता येतं. अंतर सूर्य–पृथ्वी अंतराच्या पटीत घ्या, काळ वर्षांत घ्या. अंतराच्या घनाला काळाच्या वर्गाने भागलं की जोडीचं एकूण वस्तुमान सूर्याच्या पटीत मिळतं. इथे अंतर सुमारे १.४, त्याचा घन २.७४. काळ ०.५०८ वर्षं, त्याचा वर्ग ०.२५८. भागाकार येतो साडेदहाच्या आसपास. दिसणाऱ्या ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या ०.९३ पट. ते वजा केलं की उरतं सूर्याच्या साडेनऊ पटींहून थोडं जास्त वस्तुमान, आणि त्या जागी प्रकाशाचा थेंबही नाही. एवढा जड सामान्य तारा तिथे असता तर तो जोडीदाराच्या कितीतरी पट तेजस्वी दिसला असता.

या जोडीत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तो तारा कृष्णविवराभोवती सरासरी सूर्य–मंगळ अंतराहूनही कमी अंतरावर फिरतोय आणि त्याला काही झालेलं नाही.

अशा शोधात चुकाही होतात. २०२० मध्ये एचआर ६८१९ या ताऱ्यांच्या जोडीत हजार प्रकाशवर्षांवरच कृष्णविवर असल्याचं जाहीर झालं आणि तशा बातम्या सगळीकडे गेल्या. २०२२ मध्ये अधिक तीक्ष्ण निरीक्षणांतून कळलं, की तिथे दोन साधे तारेच आहेत. एकाने दुसऱ्याचं बाहेरचं आवरण ओरबाडून घेतलंय, त्यामुळे ओरबाडलेला तारा दिसतो तितका जड नाही आणि सगळा हिशेब चुकला. ‘सर्वांत जवळचं’ असं विशेषण वाचलं की वर्ष पाहून घ्यावं.

एखादं आपल्याकडे आलं तर?

आकाशगंगेत ताऱ्यांपासून बनलेली कृष्णविवरं अंदाजे दहा कोटी असावीत. बहुतेक एकटी, न दिसणारी. त्यांतलं एक, सूर्याच्या दहापट वस्तुमानाचं, सेकंदाला ५० किलोमीटर वेगाने सूर्यमालेकडे आलं असं धरू.

एक प्रकाशवर्षावरून इथवर यायला त्याला ६,००० वर्षं लागतील. सूर्य–पृथ्वी अंतराच्या हजारपट जवळ आलं, की नेपच्यूनच्या कक्षेवर त्याचा परिणाम सूर्याच्या ओढीच्या सुमारे दोन हजारावा भाग होईल. १८४६ मध्ये नेपच्यून सापडला तो युरेनसच्या वाटेतल्या याहून लहान गडबडीवरून. शिवाय विवराच्या मागे येणाऱ्या ताऱ्यांच्या जागा सरकलेल्या दिसतील, कारण ते प्रकाश वाकवतं. म्हणजे चोरपावलांनी येणं त्याला शक्य नाही. त्या टप्प्यापासून शनीच्या कक्षेपर्यंत यायला त्याला आणखी ९०-९५ वर्षं लागतात.

नुकसानाचा क्रमही लोकांना वाटतो तसा नाही. पृथ्वी फाटणं ही सर्वांत शेवटची पायरी आहे. आधी बिघडते ती कक्षा. विवर सूर्यालाही ओढतं आणि पृथ्वीलाही, त्यामुळे महत्त्व आहे ते दोघांवरच्या ओढीतल्या फरकाला. विवर शनीइतकं दूर असताना हा फरक सूर्याच्या ओढीच्या सुमारे दोन टक्के होतो, आणि तो काही महिने टिकला तरी कक्षा लांबट व्हायला पुरेसा आहे. लांबट कक्षा म्हणजे वर्षाचा काही भाग जास्त भाजणं, काही भाग जास्त गारठणं. पुढे विवर २५ कोटी किलोमीटरवर आलं तर समुद्राला ते भरती आणेल, पण ती साधारण चंद्रामुळे येते तेवढीच! तोवर मात्र त्याची ओढ सूर्याच्या साडेतीनपट झालेली असेल आणि पृथ्वी सूर्याची राहिलेली नसेल. पृथ्वी प्रत्यक्ष तुटायची तर ते दहा-वीस लाख किलोमीटरवर यावं लागतं. आणि गिळली जायची तर पृथ्वीची मूळ सरळ वाट, म्हणजे ओढीने वळण्याआधीची, विवराच्या केंद्रापासून चंद्राइतक्या अंतराच्या आतून जायला हवी. त्याहून बाजूने गेली तर तुकडे होतील, पण बरेचसे तुकडे वळसा घालून निघून जातील.

हे घडण्याची शक्यता किती? शक्यतेचा अंदाज बांधायला एक साधा दाखला आहे. आकाशगंगेत तारे कृष्णविवरांच्या किमान हजारपट आहेत. जवळून जाणाऱ्या दहापट जड ताऱ्याने कक्षेची तीच वाताहत केली असती, आणि वर शेक दिला असता तो वेगळाच. पण गेल्या साडेचारशे कोटी वर्षांत ग्रहांच्या कक्षा विस्कटेल इतक्या जवळ एकही तारा आल्याची खूण नाही. आठही ग्रह अजून जवळपास एकाच पातळीत, जवळपास गोल फिरताहेत. ज्ञात ताऱ्यांत पुढे बराच जवळ येणारा ग्लीझ ७१० आहे, सुमारे १३ लाख वर्षांनी, आणि तोही पृथ्वी–सूर्य अंतराच्या दहा हजारपट लांबून जाईल. जे ताऱ्यांना साडेचारशे कोटी वर्षांत जमलं नाही, ते त्यांच्या हजारांशाने असलेल्या कृष्णविवरांना जमण्याची काळजी करण्यात अर्थ नाही.

आकाशगंगेच्या मध्यावरचं महाकाय कृष्णविवर, सॅजिटेरियस ए*, २६ ते २७ हजार प्रकाशवर्षांवर आहे. आपण त्याच्याभोवती फिरतो असं सर्रास लिहिलं जातं. खरं तर सूर्य आपल्या कक्षेच्या आतल्या सगळ्या वस्तुमानाभोवती फिरतो, आणि त्यात या विवराचा वाटा वीस हजारावा भागही नाही. ते काढून घेतलं तरी सूर्याला पत्ता लागणार नाही. त्याच्या अगदी जवळचा एस२ हा तारा दर १६ वर्षांनी फेरी पूर्ण करतो. मे २०१८ मध्ये तो सेकंदाला ७,६०० किलोमीटरहून जास्त वेगाने विवराजवळून गेला, आणि पुन्हा लांब निघून गेला. २०१४ मध्ये जी२ नावाचा वायूचा पुंजका जवळून जाणार म्हणून खगोलशास्त्रज्ञ आतषबाजीची वाट पाहत बसले होते. तोही फारसं काही न घडता पार झाला. समजा हे विवर उद्या पूर्ण क्षमतेने खाऊ लागलं, तरी मधली धूळ नाही असं धरूनसुद्धा आपल्यापर्यंत येणारी त्याची ऊर्जा सूर्याच्या उन्हाच्या दोन कोटीवा भाग असेल.

प्रयोगशाळेत बनलेलं?

२००८ मध्ये जिनिव्हाजवळचं लार्ज हॅड्रॉन कोलायडर हे प्रोटॉनांच्या टकरी घडवणारं यंत्र सुरू होताना, त्यात कृष्णविवर बनून ते पृथ्वी गिळेल ही भीती इतकी पसरली की प्रकरण न्यायालयातही गेलं. कृष्णविवर बनवायला नेहमीच्या सिद्धांताप्रमाणे जी ऊर्जा एका टकरीत लागते, ती या यंत्राच्या क्षमतेच्या सुमारे दशलक्ष अब्ज पट आहे. काही तर्कांमध्ये, अवकाशाला लांबी-रुंदी-उंचीपलीकडे लपलेल्या जादा मिती असतील तर, हा आकडा खाली येतो. पण मग निसर्ग हे काम कधीपासून करतोय. अवकाशातून येणारे सर्वांत जोरकस वैश्विक किरण वातावरणात आदळतात तेव्हा या यंत्राच्या पन्नासपट ऊर्जेच्या टकरी होतात.

यावर एक रास्त आक्षेप होता. किरणांनी बनवलेलं विवर वेगात असल्याने पृथ्वीतून आरपार निघून जाईल, यंत्रात बनलेलं मात्र मंद असेल आणि आतच अडकेल. त्याला उत्तर श्वेत बटू आणि न्यूट्रॉन तारे देतात. ते इतके घन आहेत की वेगवान विवरही त्यांच्यात अडकलं असतं आणि त्यांना पोखरून संपवलं असतं. असे तारे अब्जावधी वर्षं धडधाकट आहेत.

शिवाय स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये दाखवलं, की कृष्णविवर स्वतःहून विरत जातं. जितकं लहान तितकं झपाट्याने. हे विरणं अजून प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नाही, म्हणून वरचा ताऱ्यांचा पुरावा मला जास्त भरवशाचा वाटतो. मोठ्यांच्या बाबतीत तर हे विरणं नावापुरतंच आहे. सूर्याइतक्या विवराचं तापमान निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ अंश सेल्सिअसच्या) वर एका अंशाच्या कोटीव्या भागाहूनही कमी. भोवतालचं अवकाश २.७ केल्विन, म्हणजे त्याहून गरम. ते विरण्याऐवजी आज उलट किंचित वाढतंच.

विश्वाच्या आरंभी लहान विवरंही बनली असतील असा एक तर्क आहे. पन्नास कोटी टनांचं असं विवर प्रोटॉनएवढं असेल. १९०८ मध्ये सायबेरियात झालेल्या तुंगुस्का स्फोटाचं खापर १९७३ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी अशाच एका विवरावर फोडून पाहिलं होतं. ते बारगळलं, कारण सायबेरियात शिरलेलं विवर पृथ्वीतून पार होऊन उत्तर अटलांटिकमध्ये बाहेर पडताना तसाच धक्का द्यायला हवा होता, आणि तिथे त्या दिवशी काहीच नोंदलं गेलं नाही.

कृष्णविवरांचा पृथ्वीला होणारा खराखुरा स्पर्श मोजलेला आहे, आणि तो दुरून येतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी १३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन विवरांच्या टकरीची गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच ताणत-आवळत जाणारी लाट, इथून गेली. टकरीत सूर्याच्या तिप्पट वस्तुमान ऊर्जा होऊन उडालं होतं. इथे पृथ्वीचा व्यास बदलला तो सात-आठ प्रोटॉन ओळीत ठेवल्यावर होईल इतका. दुसरा प्रकार जास्त दखल घेण्याजोगा: प्रचंड तारा कोसळून विवर जन्मताना कधीकधी गॅमा किरणांचा अरुंद झोत सुटतो. असा झोत काही हजार प्रकाशवर्षांवरून नेमका आपल्या रोखाने आला तर ओझोनचा थर विरळ होऊ शकतो. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी आलेला झोत आजवर नोंदलेल्यांत सर्वांत तेजस्वी होता. तो सुमारे २०० कोटी प्रकाशवर्षांवरून निघाला होता, आणि तेवढ्या लांबूनही त्याने पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात काही तास खळबळ उडवली.